ओरखड्याची किंमत तुम्हाला ठाऊक आहे

शिवाजीनगर, बेंगळुरू

दुकानदार महाशय,

तुमचं नाव आणि दुकानावरची पाटी मी इथे लिहीत नाही. रसेल मार्केटपासून बस स्टँडपर्यंतच्या गल्ल्यांत तुमच्यासारखीच काचेची कपाटं आणि तसेच पांढरे दिवे असलेली कितीतरी दुकानं आहेत. त्यांतले बरेच जण सरळ धंदा करतात, आणि तुमच्यामुळे त्यांच्या पोटावर पाय यायला नको. शिवाय तुमचं नाव लिहायची गरजच नाही. काउंटरवर काय घडलं ते वाचलंत की तुम्ही स्वतःला ओळखाल.

पत्र मराठीत लिहायला कारण आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, सांगली, सोलापूर इकडची पोरं रात्रीच्या गाडीनं ह्या शहरात येतात, नोकरीला लागतात, आणि पगारातून चार पैसे साठले की त्यांची पहिली मोठी खरेदी फोनचीच असते. मॉलमधल्या दुकानात शिरायचा त्यांना संकोच वाटतो. कुणीतरी सांगतं, शिवाजीनगरला जा, तिथे जुना घेऊन नवा देतात, भावही बरा असतो. मग ती तुमच्या पायरीशी येऊन उभी राहतात. हे पत्र तुमच्यासाठी आहे तितकंच त्यांच्यासाठी आहे.

माझी भाची त्यांतलीच एक. बेळगावची पोर, इथल्या एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन. रात्रपाळ्या करून तिनं पैसे जमवले, उरलेल्याचे हप्ते बांधले आणि जुना फोन एक्स्चेंजला दिला. त्या वेळी तुम्ही तिच्या जुन्या फोनचं काय केलंत, ते तिनं मला सविस्तर सांगितलं आहे. मला ते सगळं इथे लिहून ठेवायचं आहे, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया तिथेच आहे.

तुम्ही तो फोन टेबलाच्या दिव्याखाली धरलात. कव्हर काढलंत. पडदा शर्टाच्या बाहीनं पुसलात, फोन तिरका केलात, पुन्हा दुसऱ्या अंगानं तिरका केलात. मग अंगठ्याचं नख काचेवरून सावकाश फिरवलंत आणि एका जागी थांबलात. "ये देखो मा, लाइन है." तिनं वाकून बघितलं. तिला ती रेघ दिसायलाही वेळ लागला. पैसे कापलेत. मग फ्रेमच्या कोपऱ्यावर रंग उडालेला ठिपका सापडला. पुन्हा कापलेत. मागच्या बाजूला कॅमेऱ्याच्या कडेला घासल्याची खूण होती. आणखी कापलेत. फोन उत्तम चालत होता, बॅटरी चांगली होती, आवाज स्वच्छ होता. तिनं तसं म्हटल्यावर तुम्ही दिलेलं उत्तर तिला शब्दशः आठवतं: चालतोय ते ठीक, पण बॉडीला मार्क असला की पुढचा गिऱ्हाईक भाव पाडतो.

तुमचं हे म्हणणं बरोबर आहे. जुन्या फोनांच्या बाजारात बाहेरच्या अंगावरूनच भाव ठरतो. डाग नसलेल्या फोनला एक दर, किंचित खुणा असलेल्याला दुसरा, पोचा आलेल्याला तिसरा. हा हिशेब तुम्ही रोज करता आणि तो तुम्हाला चांगला येतो. म्हणजे ओरखड्याची किंमत तुम्हाला ठाऊक आहे. रुपयांत ठाऊक आहे. हे तुम्ही विसरू नका, मीही विसरू देणार नाही.

त्याच काउंटरवर, तिचा जुना फोन खणात टाकल्यावर, तुम्ही नवा काढलात. खोक्यावरचं प्लॅस्टिक तुम्हीच फाडलंत. फोन बाहेर काढलात, पडद्यावरची कारखान्यातली पातळ फिल्म ओढलीत आणि दुसऱ्या हातानं टेम्पर्ड ग्लास चढवलीत. मागून लगेच कव्हर बसवलंत. "गार्ड और कव्हर फ्री है मा." जुन्या फोनला जो दिवा दाखवलात, त्याच्याखाली नवा फोन एकदाही आला नाही. जुन्याच्या अंगावरून नख फिरवायला तुमच्याकडे निवांत वेळ होता. नव्याची काच उघडी राहिली ती फिल्म निघून गार्ड बसेपर्यंत, तीही तुमच्याच तळहाताखाली. पोरीनं पैसे दिले, बिल घेतलं, आनंदानं घरी आली.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण वाचकांना नाही. गार्डच्या एका कोपऱ्यात हवा शिरली, म्हणून गार्ड बदलायला पोर दुसऱ्या एका टपरीवर गेली. ती टपरीही शिवाजीनगरातलीच, तुमच्यापासून हाकेच्या अंतरावरची. त्या माणसानं जुनी गार्ड उचलली, काच पुसली आणि हात थांबवला. गार्डवर एकही चरा नव्हता. खालच्या मूळ काचेवर मात्र केसासारखी लांब रेघ होती. त्यानं नवी गार्ड लावली नाही, पैसेही घेतले नाहीत. "पहले फोटो निकालो, फिर दुकान को जाओ," एवढंच म्हणाला. मग कव्हर काढून बघितलं, तर चार्जिंगच्या खाचेजवळ फ्रेमला बारीक पोचा, रंग उडून खालची धातू उघडी पडलेली. घरी येऊन तिनं कंपनीच्या संकेतस्थळावर फोनचा क्रमांक घातला. वॉरंटी तुमच्या बिलाच्या तारखेच्या कित्येक आठवडे आधीच सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर आले. तुम्ही मला ओळखाल. काउंटरवर बिल ठेवून उभी राहिलेली, तुमच्या पोऱ्यानं चहा पुढे केला तरी न घेतलेली बाई.

तुमचं पहिलं उत्तर: "फोन चल रा ना मा? लाइन से क्या होता?" महाशय, काय होतं ते तुम्ही तिच्या जुन्या फोनचे पैसे कापून आधीच दाखवलं होतंत. तो फोनही चालत होता. तिच्या हातातल्या रेघेला किंमत असते आणि तुमच्या हातून गेलेल्या रेघेला नसते, असा कोणता दर तुमच्या वहीत लिहिला आहे, तो मला दाखवा. मी त्या दिवशी हेच विचारलं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलात.

परत वळलात ते दुसरं उत्तर घेऊन. पर्समध्ये किल्ल्या असतील, त्यांनी पडली असेल रेघ. ह्या उत्तरावर मला जरा थांबायचं आहे, कारण असं ऐकलं की साधी माणसं लगेच स्वतःवर शंका घ्यायला लागतात. माझ्या भाचीनंही घेतली. रात्रभर आठवत बसली की आपण फोन कुठे ठेवला होता. तुमच्या ह्या एका वाक्यानं चोरी तुमची आणि टोचणी तिला, असा प्रकार झाला. म्हणून ते वाक्य खोटं कसं आहे ते नीट सांगते.

फ्रीडरिश मोस ह्या खनिजतज्ज्ञानं १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी पट्टी मांडली. पट्टीवर वरचा पदार्थ खालच्याला ओरखडतो, खालचा वरच्याला नाही. फोनची पक्की केलेली काच साधारण सहाच्या आसपास चरे दाखवायला लागते आणि सातला खोल रेघ पडते. नेहमीची धातूची किल्ली त्याच्या खाली येते. वाळूतली गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, सातला आहे; म्हणून खिशातल्या किल्लीपेक्षा खिशातल्या धुळीची भीती जास्त. फ्रेमचं वेगळं. अल्युमिनियमवरचा रंगाचा थर मुळात अतिशय पातळ, आणि धारदार कडेवर तो नीट धरत नाही, म्हणून तिथे घासला की लवकर उडतो. म्हणजे पोच्याच्या बाबतीत किल्लीची सबब निदान शक्यतेत बसते. काचेवरच्या रेघेच्या बाबतीत बसत नाही.

पण मोसची पट्टी घटकाभर बाजूला ठेवू. किल्ली असो, वाळू असो, हिरा असो, जे काही त्या काचेपर्यंत पोचलं, ते वरच्या गार्डला स्पर्श न करता कसं पोचलं? गार्ड अखंड होती. ती तुम्ही स्वतःच्या हातानं, तुमच्या काउंटरवर, फोन तिच्या हातात देण्याच्या आधी लावली होतीत. रेघ गार्डच्या खाली आहे. म्हणजे रेघ गार्डच्या आधीची आहे. म्हणजे फोन तुमच्याकडे होता तेव्हाची आहे. ह्यापुढे वाद घालायला जागा राहत नाही. तुम्हीही घातला नाहीत, आवाज मात्र चढवलात.

वॉरंटीच्या तारखेवर तुम्ही म्हणालात की टार्गेट पुरं करायला काही पीस आधीच चालू करावे लागतात. मला तुमची आणि कंपनीची आतली गणितं ठाऊक नाहीत, आणि गिऱ्हाइकाला ती ठाऊक असायचं कारणही नाही. तुम्ही तुमच्या टार्गेटसाठी फोन चालू केलात, तर तिच्या वर्षभराच्या वॉरंटीतले तितके आठवडे तुम्ही खर्च केलेत. ते तिला विकताना सांगितलं नाहीत, किमतीतून वजा केले नाहीत, बिलावर लिहिले नाहीत. आणि नुसता चालू करून पुन्हा खोक्यात ठेवलेल्या फोनच्या काचेवर रेघ आणि फ्रेमवर पोचा येत नाही. तो फोन कुणाच्या तरी हातात होता. शोकेसमध्ये मांडलेला असेल, कुणी घेऊन परत केलेला असेल. काउंटरवर फाडलेलं ते प्लॅस्टिक कारखान्यातलं होतं ह्यावर आता माझा विश्वास नाही.

मांडलेल्या फोनाला चरे पडतात ह्यात नवल काही नाही. २०२५च्या सप्टेंबरात आयफोन १७ प्रो बाजारात आला तेव्हा जगभरच्या दुकानांतल्या नमुन्याच्या फोनांवर खुणा दिसल्या म्हणून केवढी ओरड झाली. ॲपलनं खुलासा केला की दुकानातल्या झिजलेल्या स्टँडचे कण फोनच्या पाठीला लागतात, ते पुसून जातात. कॅमेऱ्याच्या उठावाच्या धारेवर रंग उडतो की नाही ह्यावरही बराच वाद झाला. मांडलेला फोन आणि बंद खोक्यातला फोन एक नसतो, एवढं तरी त्या वादातून दिसलं.

मांडलेला फोन विकू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. डेमो पीस, ओपन बॉक्स, ज्याला जे नाव असेल ते, सांगून विका, कमी भावात विका, बिलावर तसं लिहा. माझ्या भाचीनं कदाचित तो घेतलाही असता. तिला पैसे वाचले असते. तुम्ही तिच्याकडून नव्याचे पैसे घेतलेत आणि वापरलेला दिलात. मधला फरक तुमच्या गल्ल्यात गेला.

तिसरं उत्तर तुम्ही फार विश्वासानं दिलंत: बॉडीवरचे मार्क वॉरंटीत येत नाहीत, हवं तर कंपनीकडे जा. आम्ही तेही केलं. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीनं नम्रपणे सांगितलं की बाहेरच्या खुणा त्यांच्याकडे धरत नाहीत, विकणाऱ्याशी बोला. इथे बहुतेक माणसं हरतात. एक म्हणतो तिकडे जा, दुसरा म्हणतो इकडे जा, दोन्हीकडे रांग, दोन्हीकडे रजा टाकावी लागते, आणि शेवटी माणूस कव्हर चढवून गप्प बसतो.

वॉरंटीच्या कागदात ओरखडे आणि पोचे वगळलेले असतात हे खरं आहे. जवळपास प्रत्येक कंपनी ते वगळते, आणि त्यात गैरही नाही. विकत घेतल्यावर मी फोन फरशीवर पाडला तर रंगाचं नुकसान कंपनीनं का भरावं? पण ते कलम फोन गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यानंतरचं आहे. फोन हातात देताना तो कसा होता, ह्याच्याशी त्या कलमाचा काही संबंध नाही. ती जबाबदारी विकणाऱ्याची. तुम्ही कंपनीच्या कागदाची ढाल करून तुमची स्वतःची जबाबदारी झाकलीत, आणि हे तुम्ही पहिल्यांदा करत होतात असं तुमच्या बोलण्याच्या सफाईवरून वाटलं नाही.

कायद्याला ही सफाई ठाऊक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्याच्या कलम २मध्ये व्याख्या आहेत. वस्तूच्या गुणवत्तेत किंवा दर्जात असलेली कोणतीही उणीव किंवा अपूर्णता, मग तो दर्जा कायद्यानं ठरलेला असो की विकणाऱ्यानं स्पष्टपणे वा गर्भितपणे कबूल केलेला असो, ती तिथे दोष ठरते. 'नवा' म्हणून विकलेल्या फोनचा कबूल केलेला दर्जा काय, हे सांगायला वकील लागत नाही. त्याच कलमात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. जुनी, वापरलेली, दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून खपवणं त्या यादीत आहे. आणि सदोष वस्तू परत घ्यायला, पैसे परत द्यायला नकार देणं हेही आहे: बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत.

तुमच्या बिलावर मुदत नाही. खाली बारीक अक्षरांत एक ओळ आहे, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवलंत. संसदेनं केलेला कायदा तुमच्या छापखान्यातल्या एका ओळीनं रद्द होत नाही, महाशय. ती ओळ तुम्ही गिऱ्हाइकाला घाबरवायला छापली आहे आणि ती फक्त तेवढ्याच कामाची आहे.

आणि मग, आवाज चढवून झाल्यावर, तुम्ही एकदम मऊ झालात. "छोड़ो मा, पॉलिश मार के देता, लाइन दिखेगीच नहीं." त्या क्षणी भाची थोडी विरघळली, हे मी बघितलं. मी तिला हो म्हणू दिलं नाही, आणि का ते सांगते. काचेवर पॉलिश मारायचं म्हणजे सिरियम ऑक्साइडसारखी बारीक पूड लावून आजूबाजूची काच रेघेच्या तळापर्यंत घासत न्यायची. रेघ जात नाही, तिच्या भोवतीची काच कमी होते. बोटांचे डाग धरू नयेत म्हणून काचेवर जो तेलरोधक थर असतो तोही घासला जातो. पण ह्याहून मोठं कारण वेगळं आहे. ती रेघ हा तिच्याकडचा पुरावा आहे, आणि तुम्ही तो फुकटात पुसून द्यायला निघाला होतात.

आता तुमच्या धंद्याच्या दुसऱ्या टोकाबद्दल बोलते, कारण मला खरा राग तिथे येतो. तुमच्या दुकानापासून फार लांब नाहीत असे फोनांचे कारखाने आहेत. कोलार जिल्ह्यातलं नरसापुरा, जिथला विस्ट्रॉनचा कारखाना २०२३ मध्ये टाटांकडे गेला. विमानतळाच्या पलीकडे देवनहळ्ळी, तिथे फॉक्सकॉनचा. हद्द ओलांडली की तामिळनाडूत होसूर, जिथे टाटांच्याच कारखान्यात आयफोनची बाहेरची कवचं बनतात. २०२३च्या फेब्रुवारीत 'फायनॅन्शियल टाइम्स'नं बातमी दिली होती की होसूरमधून निघणाऱ्या कवचांपैकी साधारण निम्मीच पुढे फॉक्सकॉनकडे पाठवण्याच्या लायकीची ठरतात. उरलेल्या निम्म्यांचं काय झालं असेल, किती हातांची मेहनत पुन्हा वितळवण्याच्या भांड्यात गेली असेल, ह्याचा विचार करा. हे कवच म्हणजे फोनचं बाहेरचं अंग. तुमच्या मते ज्यानं काही होत नाही, तेच.

चीनमध्ये झेंगझोच्या फॉक्सकॉन कारखान्यात २०१२च्या ऑक्टोबरात ह्याच कारणावरून तंटा झाला. आयफोन ५ च्या अल्युमिनियमच्या अंगावर चरे दिसतात म्हणून गिऱ्हाइकांनी ओरड केली होती. मग कारखान्यात ओरखडे आणि पोचे ह्यांची तपासणी फार कडक केली गेली, सुटीच्या दिवसांतही काम करवून घेतलं, आणि तीन-चार हजार कामगारांनी काम थांबवलं, असं 'चायना लेबर वॉच' ह्या संस्थेनं जाहीर केलं. कंपनीनं संप झाल्याचं नाकारलं. संप म्हणा, तंटा म्हणा, पण तपासणीच्या टेबलावरची माणसं आणि बनवणारी माणसं तिथे एका ओरखड्यापायी हमरीतुमरीवर आली होती.

आपल्याकडे अशा कारखान्यांत मोठ्या संख्येनं तरुण मुली कामाला आहेत. माझ्या भाचीच्याच वयाच्या, तिच्यासारख्याच गावाकडून आलेल्या, वसतिगृहात राहून पाळ्या करणाऱ्या. त्या प्रखर दिव्याखाली डोळे ताणून एकेक कवच वळवून बघतात, बारीक खूण दिसली तरी बाजूला काढतात. एका मुलीनं डोळे शिणवून निर्दोष म्हणून पुढे पाठवलेली वस्तू दुसऱ्या मुलीच्या हातात पडायच्या आधी तुमच्या काउंटरवर येते. मधल्या त्या एका टप्प्यावर तुम्ही बसलेले आहात. पहिलीची मेहनत तुम्ही वाया घालवलीत आणि दुसरीचे पैसे खाल्लेत.

तुमच्या समोरचं रसेल मार्केट १९२७ पासून उभं आहे. २०१२च्या आगीत त्यातली कितीतरी दुकानं जळाली, तरी बाजार पुन्हा उभा राहिला. तिथे पेरू घेताना मी एकेक पेरू फिरवून बघते, विकणारा बघू देतो, डाग असलेला बाजूला ठेवून दुसरा देतो. घरी आल्यावर आतून किडका निघाला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, तर बदलूनही देतो. दहा-वीस रुपयांच्या फळाला ह्या बाजारात जो न्याय मिळतो, तो हजारो रुपयांच्या फोनला त्याच बाजारात मिळत नाही, ह्याची लाज तुम्हाला वाटायला हवी.

महाराष्ट्रातल्या माणसाला शिवाजीनगर म्हटलं की पुणं आठवतं. बेंगळुरूचं शिवाजीनगर हे जुन्या छावणीच्या अंगणातलं, सेंट मेरी बॅसिलिकाच्या घंटांचं, बुरखे आणि कांजीवरमच्या दुकानांचं, दखनी, तमीळ आणि कन्नड एका वाक्यात बोलणाऱ्यांचं. ह्या शहराची जहागीर कधीकाळी शहाजीराजांकडे होती म्हणून आपल्याकडची माणसं ह्या नावाकडे जरा आपुलकीनं बघतात. मी इथे गेली अनेक वर्षं खरेदी करते. लग्नाच्या साड्या इथल्या, स्टीलची भांडी इथली, शिलाई मशीनचे सुटे भाग इथले. इथल्या माणसांनी मला उधार दिलं आहे आणि चुकून जास्त दिलेले पैसे धावत येऊन परतही केले आहेत. तुमच्यामुळे माझ्या भाचीच्या मनात ह्या जागेविषयी जे बसलं आहे, ते काढायला मला फार वेळ लागणार आहे. त्या गार्डवाल्या टपरीची आठवण करून देऊन मी ते काढायचा प्रयत्न करते आहे.

आता व्यवहाराचं बोलू. तुम्हाला आम्ही लेखी मागणी दिली आहे: फोन परत घ्या आणि बिलावरची पूर्ण रक्कम द्या, किंवा बंद खोक्यातला दुसरा द्या, तो आमच्यासमोर दिव्याखाली तपासून. पहिल्या भेटीत तुम्ही कागद घ्यायला नकार दिलात, म्हणून तो नोंदणी टपालानं पाठवला. पोचपावती आली आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तिथे काही झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगापुढे अर्ज जाईल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही, ऑनलाइन अर्ज करता येतो, वकील असलाच पाहिजे असं नाही, आणि तक्रार करणारा राहतो त्या ठिकाणीही तो करता येतो. वस्तू बदलून देणं, पैसे परत करणं, वर नुकसानभरपाई देणं, हे सगळे आदेश द्यायचा अधिकार आयोगाला आहे. भाची रात्रपाळी करून तारखेला हजर राहणार आहे. मी तिच्या शेजारी असेन.

अर्जाला जोडायचे कागद तयार आहेत: बिल, खोक्यावरचा आयएमईआय क्रमांक, वॉरंटीच्या तारखेचं पान, गार्ड काढतानाचे फोटो. एक कागद मुद्दाम सगळ्यांत वर लावला आहे. जुन्या फोनच्या एक्स्चेंजची तुमच्या हाताची चिठ्ठी, ज्यात 'स्क्रीन लाइन' आणि 'बॉडी मार्क' असं लिहून तुम्ही पुढे वजाबाकी केली आहे.

आणि ह्या गल्ल्यांतून फोन घ्यायला निघालेल्या माझ्या पोरांनो, खोकं तुम्ही स्वतः फोडा आणि फोडताना कुणाला तरी व्हिडिओ घ्यायला सांगा. गार्ड आणि कव्हर फुकट असलं तरी आधी लावू देऊ नका. फोन सगळ्या अंगांनी उजेडात फिरवून बघा, *#०६# दाबून आलेला पंधरा आकडी क्रमांक खोक्याशी आणि बिलाशी जुळवा, कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी कधी सुरू झाली ते तिथेच काउंटरवर उभं राहून तपासा, आणि मगच पैसे द्या. ज्यांनी गेल्या महिन्याभरात घेतला आहे, त्यांनी आज गार्ड आणि कव्हर काढून बघा. काही आढळलं तर फोटो काढा आणि तीस दिवस उलटायच्या आत दुकानदाराला लेखी कळवा.